शू लागली, हे कळते कसे?

शाळेची घंटा होते. मुले वर्गात जातात, सोडायला आलेली माणसे परततात. एक आई मात्र पायरीवर बसून राहते. तिच्या पिशवीत दोन जादा चड्ड्या, एक पंचा आणि पाण्याची बाटली आहे. तिचा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे आणि स्वमग्न आहे. त्याला शंभरपर्यंत अंक वाचता येतात, एसटीची पाटी तो एकदा पाहून लक्षात ठेवतो. पण शू किंवा शी लागली हे तो कधी सांगत नाही. बाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितले आहे, ‘‘ताई, तुम्ही इथेच थांबा. पन्नास मुले सोडून मला त्याच्यामागे जाता येत नाही.’’

बाईंचे म्हणणे खोटे नाही आणि आईची अडचणही खोटी नाही. हे कोणा एका मुलाचे वर्णन नसले, तरी भिवंडीतल्या शिक्षकांना ते ओळखीचे वाटेल. २०११ च्या जनगणनेत सात लाखांहून अधिक वस्तीचे असलेले हे शहर यंत्रमागांवर जगते. माग दिवसरात्र, बारा-बारा तासांच्या पाळीत चालतात. वडील पाळीवर आणि आई शाळेच्या पायरीवर, असे किती दिवस चालणार? काही महिन्यांनी आई येईनाशी होते आणि मुलाची शाळा सुटते. त्याचे गणित कच्चे होते म्हणून ती सुटत नाही. एक वळण लागले नाही म्हणून ती सुटते.

हे वळण स्वमग्न मुलांना उशिरा का लागते आणि ते शिकवता येते का, हे या लेखात पाहू. त्यासाठी आधी एका साध्या वाटणाऱ्या गोष्टीकडे वळायला हवे : शू लागली हे आपल्याला मुळात कळते कसे?

साधी वाटणारी, पण साधी नसलेली गोष्ट

मूत्रपिंडांत तयार होणारे मूत्र थेंबाथेंबाने मूत्राशयात साठते. मूत्राशय म्हणजे स्नायूंची पिशवी. लहान मुलाच्या मूत्राशयात किती मूत्र मावते, याचा अंदाज काढायला डॉक्टर एक सोपे सूत्र वापरतात. वयाच्या वर्षांत एक मिळवायचा आणि तीसने गुणायचे. उत्तर मिलिलिटरमध्ये येते. चार वर्षांच्या मुलासाठी ते १५० मिलिलिटर येते, म्हणजे चहाचा एक कप.

पिशवी भरत आली की तिची भिंत ताणली जाते. हा ताण चेतातंतूंमार्फत मज्जारज्जूच्या खालच्या भागाला आणि तेथून मेंदूला कळतो. पिशवीच्या तोंडाशी दोन गोलाकार स्नायू असतात. आतला स्नायू आपल्या इच्छेवर चालत नाही. बाहेरचा स्नायू मात्र आपण ठरवून आवळू शकतो आणि ठरवून सैल सोडू शकतो. तान्ह्या बाळात पिशवी भरली की ती आपोआप रिकामी होते. मूल मोठे होऊ लागते तसा मेंदूचा पुढचा भाग ‘आत्ता नको, थांब’ किंवा ‘आता चालेल’ असा निर्णय घेऊ लागतो. शौचाचेही साधारण असेच असते. तेथे गुदाशयाची भिंत ताणली जाते आणि बाहेरचा स्नायू आपल्या ताब्यात असतो.

आता संडासात जाऊन येण्याच्या एका फेरीतल्या पायऱ्या मोजून पाहा. पोटात काहीतरी होते आहे हे जाणवणे, ते भूक किंवा पोटदुखी नसून शू आहे हे ओळखणे, स्नायू आवळून थांबणे, कोणाला तरी सांगणे, योग्य जागी जाणे, चड्डी खाली करणे, बसणे, आवळलेला स्नायू सैल सोडणे, धुणे, चड्डी वर घेणे, हात धुणे. या अकरा कड्या झाल्या. त्यांपैकी एक जरी तुटली तरी परिणाम एकच दिसतो : चड्डी ओली. बाहेरून पाहणाऱ्याला सगळ्या ओल्या चड्ड्या सारख्याच दिसतात. त्यामागचे कारण मात्र दर मुलात वेगळे असू शकते. या लेखातले सर्वांत महत्त्वाचे सांगणे हेच आहे.

इतर मुले हे कशी शिकतात?

आपल्याकडे आई बाळाला पायांवर बसवते आणि तोंडाने ‘शूऽऽ’ असा आवाज काढते. काही दिवसांनी आवाज ऐकताच बाळ शू करते. आवाज आणि क्रिया यांची जोडी बसलेली असते. हे केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील डिगो लोकांतही आया बाळाच्या पहिल्या काही आठवड्यांतच असाच आवाज काढून शिकवायला लागतात आणि पाच-सहा महिन्यांची बाळे बऱ्यापैकी कोरडी राहतात, असे डी-व्हरीस यांच्या १९७७ सालच्या अभ्यासात नोंदवले आहे. याउलट अमेरिकेत बेरी ब्रेझलटन या बालरोगतज्ज्ञांनी १९६२ मध्ये ११७० मुलांच्या नोंदींवरून असे मांडले, की घाई करू नये, मूल तयार झाल्याची लक्षणे दिसेपर्यंत थांबावे. त्यांच्याकडची मुले सरासरी अडीच वर्षांच्या आतबाहेर दिवसा कोरडी राहू लागत.

दोन टोकांच्या या दोन पद्धती आहेत, पण दोन्हींत एक गोष्ट समान आहे. बाळाच्या चेहऱ्यावरून आईला कळते आणि आईच्या चेहऱ्यावरून बाळाला कळते. मोठा भाऊ जातो तसे आपणही जावे असे धाकट्याला वाटते. ‘शाब्बास’ म्हटले की त्याला आनंद होतो आणि चार माणसांत चड्डी ओली झाली की लाज वाटते. म्हणजे हे वळण शरीराचे असले तरी ते माणसांमार्फत शिकले जाते. स्वमग्न मुलांची वाट नेमकी येथेच वेगळी होते.

स्वमग्नता म्हणजे काय?

अमेरिकेत बाल्टिमोर येथे काम करणारे डॉक्टर लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. ही मुले माणसांपेक्षा वस्तूंत रमत, बोलणे संवादासाठी क्वचितच वापरत आणि रोजच्या क्रमात जरासा बदल झाला तरी अस्वस्थ होत. आज स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, ही मेंदूच्या जडणघडणीतली जन्मापासूनची वेगळी तऱ्हा मानली जाते. तिच्या छटा अनेक आहेत. कोणी मूल अजिबात बोलत नाही, तर कोणी पुस्तकी भाषेत अखंड बोलते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. या हिशेबाने हजार मुलांच्या शाळेत अशी सात-आठ मुले असायला हवीत. ती पटावर दिसत नसतील, तर ती कोठे आहेत हा प्रश्न आपण विचारायला हवा.

स्वमग्नतेच्या इतिहासात एक वाईट पर्व आहे. आईवडिलांच्या, विशेषतः आईच्या, थंडपणामुळे मूल असे होते हा समज कित्येक वर्षे टिकला. ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ सालच्या पुस्तकाने तो अधिकच पसरवला. त्याआधीच, १९६४ मध्ये, स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी त्याला विरोध केला होता. पुढे १९७७ मध्ये सुझन फोल्स्टीन व मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. ११ समान जुळ्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न होती. १० असमान जुळ्यांत अशी एकही जोडी नव्हती. समान जुळ्यांची जनुके सारखीच असतात. तेव्हा स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा मोठा वाटा आहे हे त्यातून दिसले आणि नंतरच्या संशोधनाने ते पक्के केले. हे येथे सांगण्याचे कारण असे, की शी-शूच्या बाबतीत तो जुना आरोप अजून जिवंत आहे. ‘आईने वळण लावले नाही,’ हे वाक्य शाळेच्या पायरीवर आजही ऐकू येते.

साखळी कोठे तुटते?

आता पुन्हा त्या अकरा कड्यांकडे येऊ.

पहिली कडी जाणवण्याची. भूक, तहान, धडधड, पोटातला ताण अशा शरीराच्या आतल्या संवेदना अनेक स्वमग्न मुलांना इतरांसारख्या कळत नाहीत. काहींना त्या फार क्षीण जाणवतात, तर काहींना इतक्या तीव्र, की मूल घाबरून जाते. मूल खेळात गुंतले असेल तर क्षीण संवेदना मेंदूपर्यंत पोहोचूनही तिच्याकडे लक्ष जात नाही. दिवसभर डायपर घातला तर ओलेपणाही जाणवत नाही आणि शिकण्याची उरलीसुरली खूणही नाहीशी होते.

दुसरी कडी बद्धकोष्ठाने तुटते. यावर थोडे थांबायला हवे, कारण हे सर्वांत जास्त निसटते. स्वमग्न मुलांत बद्धकोष्ठ बऱ्याच प्रमाणात आढळते. अनेक मुले मोजकेच पदार्थ खातात : दूध, बिस्किटे, पांढरा भात. पाणी कमी पितात. शी कडक होते, दुखते, म्हणून मूल ती रोखून धरते आणि ती अधिकच कडक होते. गुदाशय सतत ताणलेला राहिला की ताणाची जाणीव बोथट होते. मग कडक शीच्या कडेने पातळ शी झिरपते आणि चड्डी खराब होते. घरच्यांना वाटते जुलाब झाले किंवा मुद्दाम केले. प्रत्यक्षात ते बद्धकोष्ठ असते. भरलेला गुदाशय शेजारच्या मूत्राशयावरही दाब देतो, त्यामुळे शूही वरचेवर होते. अशा मुलाला वळण लावायला जाणे म्हणजे तुंबलेल्या मोरीत पाणी ओतण्यासारखे आहे. आधी बालरोगतज्ज्ञांकडून बद्धकोष्ठावर उपचार आणि मग वळण, हा क्रम बदलू नये.

तिसरी कडी संवेदनांची. संडासात अंधार असतो, वास असतो, पाण्याचा आवाज घुमतो, थंड पाणी अंगाला लागते, खाली खोल भोक दिसते. आपण याची सवय करून घेतलेली असते. यंत्रमागाच्या खटखटाटात निवांत झोपणारे मूल नळाच्या अचानक सुटणाऱ्या धारेने कानांवर हात ठेवू शकते. यात विसंगती नाही. मागाचा आवाज एका लयीत आणि ठाऊक असलेला आहे, नळाचा आवाज अनपेक्षित आहे. काही मुलांचे स्नायू सैल असतात, त्यांना उकिडवे बसून तोल सांभाळता येत नाही. ज्याचे सारे लक्ष न पडण्याकडे आहे तो स्नायू सैल कसा सोडणार?

चौथी कडी सांगण्याची. बोलता न येणे हे यात आलेच. पण आपल्याला जे हवे आहे ते दुसऱ्याला सांगावे लागते, ही गोष्टही काही मुलांना शिकवावी लागते.

पाचवी कडी सवयीची. स्वमग्न मूल पहिला नियम घट्ट धरते. घरच्या मोरीत शू करणारे मूल शाळेच्या संडासात करेलच असे नाही, कारण त्याच्या लेखी ती वेगळी गोष्ट आहे. वस्तीत लहान मुलांना सर्रास गटाराच्या कडेला बसवतात. इतर मुले वयाबरोबर ते आपोआप सोडतात. स्वमग्न मूल दहाव्या वर्षीही तोच नियम पाळत राहू शकते. म्हणून शेवटी ज्या जागी जायचे ती जागा शक्य तितक्या लवकर शिकवावी.

आधी नोंद, मग शिकवण

कोणती कडी तुटली आहे हे अंदाजाने ठरवू नये. विज्ञानाच्या तासाला आपण मुलांना आधी निरीक्षण करायला सांगतो, तेच येथेही करायचे. आठवडाभर दर अर्ध्या तासाने चड्डी पाहायची आणि कोरडी, ओली किंवा शी एवढेच वेळेसह लिहायचे. खाल्ल्या-प्यायल्याच्या वेळाही लिहायच्या. ओले होण्याआधी मूल काय करत होते, म्हणजे कोपऱ्यात गेले, स्तब्ध झाले, पाय आवळले, तेही टिपायचे. सुरुवातीचे दोन दिवस शक्य असेल तर दहा-दहा मिनिटांनी पाहावे, म्हणजे वेळ नेमकी कळते.

समजा, एका मुलाची एका दिवसाची शूची नोंद अशी आली : ८.१०, ९.४०, ११.००, १२.५०, २.१०, ३.४०. मधली अंतरे झाली ९०, ८०, ११०, ८० आणि ९० मिनिटे. सरासरी ९० मिनिटे. मग दर ९० मिनिटांनी त्याला न्यावे का? येथे वरच्या वर्गातल्या मुलांना विचार करायला लावावा. सरासरी धरली तर दोनदा आपण उशिरा पोहोचू आणि दोनदा अगदी ऐनवेळी. म्हणून सर्वांत लहान अंतर घ्यायचे, ८० मिनिटे, आणि त्याच्याही दहा मिनिटे आधी, म्हणजे ७० मिनिटांनी न्यायचे. या दिवसाच्या नोंदीत तरी एकही वेळ हुकली नसती.

ही नोंद आणखी एक गोष्ट सांगते. मूल दीड-दोन तास कोरडे राहत असेल, तर त्याचे मूत्राशय साठवू शकते. म्हणजे शिकवण्याची वेळ आली आहे. दर पंधरा मिनिटांनी थोडे थोडे ओले होत असेल, सतत थेंब पडत असतील, तर आधी डॉक्टरांकडे जायला हवे. शी साधारण जेवणानंतर होत असेल तर तेही सोयीचे, कारण पोटात अन्न गेल्यावर मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांनी पाच मिनिटे बसवायचे.

शिकवायचे कसे?

१९७१ मध्ये अमेरिकेतील नेथन एझ्रिन व रिचर्ड फॉक्स या मानसशास्त्रज्ञांनी एका संस्थेत राहणाऱ्या, तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या नऊ प्रौढांना संडासाचे वळण लावून दाखवले. तोवर ‘यांना हे जमणारच नाही’ असे धरून चालले जात होते. त्यांच्या पद्धतीत पाणी जास्त पाजून सरावाच्या संधी वाढवणे, ठराविक वेळाने बसवणे, चड्डी ओली होताच सूचना देणारे उपकरण आणि यश मिळताच बक्षीस या गोष्टी होत्या. त्यांत शिक्षेचाही भाग होता. कपडे ओले झाले की बराच वेळ साफसफाई करायला लावत. आज शिक्षेचा भाग सोडून बाकीचा आधार घेतला जातो. ओरडा खाल्लेले मूल इतकेच शिकते, की शू किंवा शी कोणाच्या देखत करायची नाही. मग ते लपून करते किंवा रोखून धरते आणि पुन्हा बद्धकोष्ठाच्या चक्रात सापडते.

बक्षिसाची वेळ महत्त्वाची. संडासात शूचा पहिला थेंब पडला की त्याच क्षणी ते मिळाले पाहिजे. घरी परतल्यावर दिलेला लाडू कशासाठी होता हे मुलाला कळत नाही. ‘शाब्बास’ पुरेसे वाटत नसेल तर मुलाला खरोखर जे आवडते ते द्यावे : एक चणा-फुटाणा, आवडत्या भिंगरीशी एक मिनिट. ती वस्तू इतर वेळी देऊ नये, नाहीतर तिची किंमत राहत नाही. जमू लागले की ती हळूहळू कमी करावी.

सूचना शब्दांत देण्यापेक्षा चित्रांत द्यावी. बोललेला शब्द हवेत विरतो. चित्र समोर राहते. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एरिक शॉपलर यांनी १९७२ पासून उभ्या केलेल्या टीच या कार्यक्रमाने चित्रांचा असा उपयोग जगभर रुजवला. आपल्याला त्यासाठी खर्च नको. त्याच घराच्या, त्याच संडासाचे, त्याच डब्याचे सहा फोटो मोबाइलवर काढून कागदावर छापून घ्यावेत आणि दारापाशी मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर क्रमाने चिकटवावेत. पुस्तकातल्या कमोडचे चित्र लावून उपयोग नाही, कारण मुलाच्या दृष्टीने ती जागाच वेगळी आहे.

सगळ्या पायऱ्या एकदम शिकवू नयेत. शेवटून सुरुवात करण्याची युक्ती येथे फार उपयोगी पडते. चड्डी वर घेण्याचेच पाहा. पहिल्या दिवसांत आपण चड्डी कमरेच्या जवळ आणून द्यायची आणि शेवटचे बोटभर मुलाने ओढायचे. काम पूर्ण झाल्याचा आनंद त्याचा. मग मांडीपासून, मग गुडघ्यापासून त्याने ओढायची. प्रत्येक वेळी शेवट त्याच्या हाती राहतो. चड्डी इलॅस्टिकची असावी. नाडी किंवा बटण नको.

संडासाची भीती असेल तर तीही पायरीपायरीने घालवावी. आज दारापर्यंत, दोन दिवसांनी दार उघडे ठेवून आत, मग कपड्यांसह क्षणभर बसणे. पाणी मूल बाहेर आल्यावर ओतावे. अंधार असेल तर दिवा हवाच. तोल जात असेल तर पकडायला भिंतीत लोखंडी दांडी किंवा मजबूत दोरी बसवावी. दोन्ही पाय पूर्ण टेकलेले असावेत.

एका खोलीचे घर आणि चार भाषा

पुस्तकांतले बरेचसे सल्ले घरातच संडास आहे असे धरून दिलेले असतात. भिवंडीच्या वस्त्यांत अनेकांचा संडास सार्वजनिक आहे, सकाळी रांग असते आणि मुलाला थांबता येत नाही. अशा वेळी शूसाठी घरची मोरी आणि शीसाठी प्लॅस्टिकचे भांडे हे सोयीचे. मात्र भांड्याची जागा ठरलेली असावी, मोरीच्या कडेला, आणि शी झाल्यावर मुलाला बरोबर घेऊन ती सार्वजनिक संडासात टाकावी, म्हणजे ‘याची जागा ती’ हे नाते त्याच्या डोळ्यांसमोर राहते. दुपारी गर्दी नसताना त्याला तेथे नेऊन आणावे. वळण पक्के झाले की भांडे त्या दिशेने सरकवत न्यावे.

दुसरी अडचण भाषेची. भिवंडीत एकाच गल्लीत मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगू ऐकू येते. घरी ‘पेशाब’, शेजारी ‘सू-सू’, शाळेत ‘शू’, आणि बाई विचारतात ‘एकी का?’ इतर मुले यातून सहज वाट काढतात. स्वमग्न मुलासाठी ही चार वेगळी कोडी होतात. आई आणि बाई यांनी मिळून एक शब्द, एक हाताची खूण आणि एक चित्र ठरवावे आणि सर्वांनी तेच वापरावे. करंगळी दाखवण्याची आपली जुनी खूण यासाठी चांगली आहे. ज्याला खूणही जमत नाही त्याच्या गळ्यात किंवा खिशात चित्राचे कार्ड द्यावे. चित्राला भाषा लागत नाही.

शाळा काय करू शकते?

कायद्याचा रोख पुरेसा स्पष्ट आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकारच्या अपंगत्वांत स्वमग्नतेचा समावेश आहे. शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करावी, असे तो सांगतो. मूल आधी शाळेजोगे होऊन यावे, अशी अट त्यात नाही.

वाजवी सोय म्हणजे मोठा खर्च असे नव्हे. मधल्या सुट्टीची घंटा होण्यापूर्वी पाच मिनिटे त्या मुलाला संडासात पाठवले, तर गर्दी आणि गोंगाट टळतो. घरच्या नोंदीवरून ठरलेल्या वेळा बाईंच्या टेबलावर असाव्यात. घरी दारापाशी आहेत तसेच शाळेच्या संडासाचे फोटो लावावेत. जादा चड्डी वर्गातच ठेवावी, आणि ओले झाले तर गाजावाजा न करता बदलावी. वर्गातली मुले हसली तर काय बोलायचे हे बाईंनी आधीच ठरवून ठेवावे. मुलांना कारण समजावून दिले तर ती बहुधा मदतच करतात. सोबत कोण जाणार हे एकाच विश्वासू मोठ्या व्यक्तीकडे सोपवावे. जे मूल सांगू शकत नाही त्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी जास्त असते. संडासाचे दार लावणे, कपडे घालूनच बाहेर येणे, हेही वळणाचेच भाग आहेत.

एकट्या बाईंवर हे सारे पडू नये. समग्र शिक्षा योजनेत गट किंवा शहर साधन केंद्रामार्फत विशेष शिक्षकांची मदत मागता येते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांनी वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत मुले तपासणे अपेक्षित आहे. त्यांच्या यादीत विकासातल्या अडचणीही आहेत. पथक आले की मूल मागच्या बाकावर लपवू नये, पुढे करावे. तेथून पुढे जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवता येते.

किती दिवस लागतील?

हा प्रश्न प्रत्येक आई विचारते आणि त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवे. डॅलरिंपल व रुबल यांनी १९९२ मध्ये स्वमग्न व्यक्तींच्या पालकांकडून माहिती गोळा केली. दिवसा कोरडे राहायला शिकण्यास सरासरी दीड वर्षाहून अधिक, तर शौचासाठी दोन वर्षांहून अधिक काळ लागल्याचे त्यांना दिसले. हे आकडे घाबरवण्यासाठी नाहीत. तिसऱ्या आठवड्यात ‘याला जमत नाही’ म्हणून सोडून देणाऱ्यांना धीर यावा म्हणून ते सांगितले. आठवड्याला सात ओल्या चड्ड्यांवरून पाच झाल्या, तर ती प्रगती आहे. पण ती नोंदीतच दिसते, डोळ्यांना दिसत नाही.

रात्रीची गोष्ट निराळी आहे. झोपेत मूत्र कमी तयार व्हावे यासाठी व्हासोप्रेसिन हे संप्रेरक काम करते आणि त्याची घडी बसायला वेळ लागतो. एरवी कोणतीही अडचण नसलेल्या पाच वर्षांच्या मुलांतही शंभरांत सुमारे पंधरा मुले अंथरूण ओले करतात. तेव्हा आधी दिवस सांभाळावा. रात्रीसाठी मेणकापड पुरे.

काही वेळा मात्र थांबू नये. कोरडे राहणारे मूल अचानक ओले होऊ लागले, शू करताना रडले, शीबरोबर रक्त पडले, तहान फार वाढली, पाय लुळे वाटू लागले किंवा आकडी आली, तर वळणाचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे.

पायरीवर बसलेल्या त्या आईकडे पुन्हा एकदा पाहू. तिच्या पिशवीत आता आणखी दोन वस्तू हव्यात : एक वही आणि एक पेन्सिल. घरच्या वेळा तिने लिहायच्या, शाळेतल्या बाईंनी. आठवड्याच्या शेवटी दोघींनी दहा मिनिटे बसून आकडे पाहायचे आणि कोणती कडी तुटली आहे याचा शोध घ्यायचा. असे काही महिने चालले, तर एक दिवस मुलगा करंगळी वर करील. त्या दिवशी आईला पायरीवरून उठून घरी जाता येईल.